उमेद भवन, जोधपूर: दुष्काळी कामावर उभा राहिलेला राजवाडा हॉटेल कसा झाला

घडीव_दगड (धागाकर्ता)

उदयपूरच्या धाग्यावर जोधपूरचा विषय निघाला आणि भरकटला, म्हणून हा वेगळा धागा.

"संस्थानं गेली, तनखे बंद झाले, राजांना पैशांची चणचण पडली, मग हॉटेलं निघाली" ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. चणचण सगळ्यांनाच होती. तरी शेकडो कोठ्या, गढ्या आणि वाडे पडून राहिले आणि मोजक्याच इमारतींची चांगली हॉटेलं झाली. माझ्या मते यातला मोठा वाटा इमारतीच्या अंगच्या गुणांचा आहे. उमेद भवन याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण, कारण ही इमारत राजवाडा म्हणून फारच उशिरा जन्मली.

कोनशिला १८ नोव्हेंबर १९२९ ची. काम संपलं १९४३ मध्ये. १९४७ च्या जूनमध्ये महाराजा उमेदसिंह गेले, ऑगस्टमध्ये स्वातंत्र्य आलं. म्हणजे ज्या कारणासाठी बांधला त्यासाठी तो जेमतेम चार वर्षं वापरला गेला. पुढचे महाराजा हनवंतसिंह २६ जानेवारी १९५२ ला विमान अपघातात गेले, तेव्हा गजसिंह चार वर्षांचे होते. ३४७ खोल्यांचं घर आणि मालक चार वर्षांचा!

काम काढण्याचं कारण दुष्काळ. विसाच्या दशकात मारवाडात ओळीनं पाऊस हुकला आणि लोकांच्या हाताला काम देण्यासाठी हे बांधकाम निघालं. दोन-तीन हजार माणसं त्यावर राबली. खर्च कोटीच्या आसपास. हेतू रोजगाराचा असल्यामुळे काम वेगानं उरकायची घाई नव्हती, आणि ते दगडाच्या घडाईत दिसतं. जागा चित्तर टेकडीची, म्हणून स्थानिक लोक आधी 'चित्तर पॅलेस'च म्हणत. खाणीतून दगड आणायला खास रेल्वे टाकली होती.

वास्तुकार हेन्री व्हॉन लँचेस्टर. कार्डिफचा सिटी हॉल आणि लंडनचा मेथडिस्ट सेंट्रल हॉल ज्या भागीदारीतून उभे राहिले, तिच्यातला हा माणूस. आराखडा युरोपीय शिस्तीचा: मधोमध सुमारे १०५ फूट उंचीचा दुहेरी घुमट, दोन्ही बाजूंना सममित पंख, आत चौक. बाहेरचे मनोरे देवळाच्या शिखरांची आठवण देतात. आतली सजावट मात्र आर्ट डेको, म्हणजे १९२०-३० च्या दशकांतली सरळ रेषांची, भौमितिक आकारांची शैली.

आता मुद्द्याचं. भिंतींमध्ये दगडांचे सांधे चुना-सिमेंटनं भरलेले नाहीत. एका दगडाला कुसू (बाहेर आलेला खुंट) काढलेला, शेजारच्याला तशीच खाच, आणि दोन्ही कोरडेच एकमेकांत बसवलेले. बाहेर पिवळसर वालुकाश्म, आत मकराण्याचा संगमरवर, लाकूडकाम ब्रह्मदेशी सागाचं.

हॉटेलवाल्याच्या नजरेनं बघा. तळघरात राशिचक्राच्या चित्रांचा पोहण्याचा तलाव, संगमरवरी स्क्वॉश कोर्ट, तीनशे माणसांचं भोजनगृह, ग्रंथालय, बिलियर्ड, रुंद मार्गिका आणि वीज व नळ धरून केलेली आखणी. जुन्या किल्ल्यात यातली एकेक गोष्ट नव्यानं घुसवावी लागते. इथे ती आयती होती.

हॉटेल सत्तरच्या दशकात सुरू झालं. २००५ पासून ताज चालवतं. एका भागात घराण्याचं राहणं, एका भागात संग्रहालय, उरलेल्यात हॉटेल. हॉटेलच्या खोल्या सत्तरच्या आसपास, म्हणजे मूळ खोल्यांच्या पाचव्या हिश्शाएवढ्या. ३४७ चं गणित इथे समजून घ्यायला हवं: तेवढ्या खोल्या विकता येत नाहीत. एका अतिथीकक्षात जुन्या दोन-तीन खोल्या जिरतात.

---

शंकेखोर

चांगला धागा. दोन शंका.

१) कोरडे बसवलेले दगड ऐकायला भारी वाटतं, पण एखादा चिरा खराब झाला तर काढणार कसा? चारही बाजूंनी अडकलेला असणार.

२) "उमेद भवनाचं फर्निचर आणणारं जहाज बुडालं" हे खरं की गाईडलोकांची गोष्ट?

---

घडीव_दगड

शंकेखोर, दुसरं आधी. खरं आहे. फर्निचरची मागणी लंडनच्या मेपल कंपनीकडे होती आणि युद्धात ते जहाज जर्मनांनी बुडवलं. मग काम आलं स्तेफान नॉर्ब्लिन या पोलिश चित्रकाराकडे. १९३९ ला पोलंड सोडून निघालेला हा माणूस मजल-दरमजल करत मुंबईत पोचला होता. त्यानं आतली सजावट आणि फर्निचर तर आखलंच, शिवाय भिंतींवर रामायणातले प्रसंग रंगवले. तिथलं आर्ट डेको ठसठशीत दिसतं त्यात त्याचा वाटा मोठा. १९४६ मध्ये तो अमेरिकेला गेला, १९५२ मध्ये वारला.

पहिल्याचं उत्तर: काढायचा नाहीच. आख्खा चिरा बाहेर ओढायचा तर वरचा भार टेकूवर घ्यावा लागतो, आणि तो करताना शेजारचे चार कुसू मोडतात. म्हणून थिगळ लावतात. खराब झालेला भाग चौकोनी आखून ७५ ते १०० मिलिमीटर खोल छिन्नीनं काढायचा, त्याच खाणीच्या, त्याच छटेच्या दगडाचा तुकडा घडवून आत बसवायचा, मागून स्टेनलेस स्टीलच्या दोन सळ्या. लोखंडी सळी वापरली की ती गंजून फुगते आणि दहा-पंधरा वर्षांत नवा आणि जुना दोन्ही दगड फोडते. जुन्या इमारतींत कोपरे उडालेले दिसतात तिथे बहुतेक वेळा आत लोखंडी चाप सापडतो.

थर बघूनच तुकडा घडवायचा. वालुकाश्म वहीच्या पानांसारखा थरांचा असतो. खाणीत तो जसा आडवा होता तसाच भिंतीत आडवा बसला पाहिजे. उभा बसवला तर पापुद्रे सुटतात.

---

रंगारी_काका

नॉर्ब्लिनच्या चित्रांबद्दल थोडी भर. जोधपूरच्या हवेत रंगाचे पापुद्रे सुटायला लागले होते. पुढे पोलंडच्या संवर्धकांनी ती दुरुस्त केली, पोलंड सरकारच्या पैशातून.

भित्तिचित्रं कोरड्या हवेपेक्षा हवा सतत बदलल्यानं जास्त खराब होतात. हॉटेलमध्ये नेमकं तेच होतं. पाहुणा आला की वातानुकूलन १८ वर, गेला की बंद. गिलावा, त्यावरचा अस्तराचा थर आणि रंग हे तिघं आपापल्या मापानं आकसतात-फुगतात आणि सांधा सुटतो. म्हणून चित्रांच्या दालनात यंत्र कमी जोरावर का होईना, सलग चालू ठेवतात आणि थंड हवेचा झोत भिंतीवर पडू देत नाहीत. झोताची जाळी चित्रापासून लांब आणि तोंड उलट दिशेला. एवढी साधी गोष्ट, पण हीच सगळ्यात जास्त वेळा चुकते, कारण वातानुकूलनवाला छताचा नकाशा बघतो, भिंतीचा बघतच नाही.

---

कर_नाही_त्याला_डर

पैशाची बाजू नीट लिहायला हवी.

सप्टेंबर १९७० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशानं राजांची मान्यता काढली. त्याविरुद्ध ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १५ डिसेंबर १९७० ला जिंकले. मग सरकारनं घटनाच बदलली. २६ वी दुरुस्ती डिसेंबर १९७१ अखेरची. तिनं तनख्याचं कलम २९१ आणि राजांच्या हक्कांचं ३६२ गाळलं, मान्यता आणि तनखे संपवणारं ३६३ अ घातलं. कलम २९१ मुळे तनखा करमुक्त होता, त्यामुळे नुकसान नुसत्या रकमेचं नव्हतं. त्या जागी दुसरं उत्पन्न आणायचं तर त्यावर कर, आणि १९७३-७४ मध्ये वरच्या टप्प्याचा प्राप्तिकर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. संपत्ती कर वेगळा. वारसाला इस्टेट ड्यूटी वेगळी, ती १९८५ पर्यंत चालली.

एक झरोका राहिला: १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम १० (१९ अ). माजी राजाच्या ताब्यातल्या एका राजवाड्याचं वार्षिक मूल्य (भाड्यानं दिला तर येईल ते काल्पनिक भाडं) करमुक्त. एकाच, आणि आधीपासून सवलत असलेल्या. त्यामुळे इतर कोठ्या आणि शिकारखाने आधी विकले किंवा भाड्यानं गेले, मुख्य वाडा मात्र सांभाळला गेला.

यावरचा निकालही रंजक आहे. वाड्याचा काही भाग भाड्यानं दिला तर सवलत त्या भागापुरती जाते की सगळी राहते? सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये सांगितलं, पूर्ण वाड्याची राहते, कारण कलमात 'वाडा' म्हटलंय, 'वाड्याचा भाग' नाही. खटला राजस्थानातल्याच कोटा संस्थानच्या महारावांचा, आणि त्या वाड्याचं नावही उमेद भवन! दोन उमेद भवनं आहेत. कोट्याचा वेगळा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. नेटवर दोघांची सरमिसळ झालेली असते, जपून.

आणि ही सवलत काल्पनिक भाड्याच्या मूल्यावर आहे. हॉटेलच्या धंद्याचं उत्पन्न धंद्याचंच, त्यावर नेहमीसारखा कर.

---

मुक्काम_पोस्ट

धाग्यात क्रम यायला हवा, नाहीतर वाटेल जोधपूर पहिलं.

जयपूरचं रामबाग पहिलं, १९५७, म्हणजे तनखे जायच्या १४ वर्षं आधी. १८३५ मधलं मूळचं बागेतलं घर, पुढे शिकारीचं ठिकाण, मग सवाई मानसिंहांचं निवासस्थान. राजस्थान राज्य झाल्यावर एवढ्या मोठ्या घराचं करायचं काय, हा प्रश्न त्यांना तेव्हाच पडला होता. दुसरं उदयपूरचं जगनिवास (लेक पॅलेस), १९६३. महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४३ ते १७४६ मध्ये पिछोला तलावात बांधलेलं. महाराणा भगवतसिंहांनी हॉटेल केलं, १९७१ पासून ताजकडे. १९७२ मध्ये रामबागही ताजकडे आलं. १९७१ च्या आधी ताज म्हणजे आपलं मुंबईचं १९०३ चं एकच हॉटेल, हे आज पटत नाही!

म्हणून "तनखे गेले म्हणून हॉटेलं" याला पहिली दोन उदाहरणंच छेद देतात. आणि हैदराबादचा फलकनुमा राजवाडा दुसऱ्या टोकाला: पाया १८८४ चा, पुढे निजामाकडे गेला, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतांश बंद, दहा वर्षं दुरुस्ती चालली आणि हॉटेल उघडलं २०१० मध्ये.

---

घडीव_दगड

मुक्काम_पोस्ट, मान्य. रामबागची तारीख मी सुरुवातीलाच द्यायला हवी होती.

जगनिवासची अडचण जोधपूरच्या बरोबर उलटी. बांधकामाचा पाया कायम पाण्यात असेल तर त्याला फारसं काही होत नाही. कायम कोरडा असेल तरी नाही. मरण असतं ते मधल्या पट्ट्याचं, जिथे पाणी चढतं आणि उतरतं. पिछोला काही दुष्काळांत आटला तेव्हा एरवी बुडालेला भाग उघडा पडला. चुना सुकतो, क्षार पृष्ठभागावर येऊन स्फटिक धरतात आणि गिलावा ढकलून पाडतात. आपल्याकडे ज्याला भिंतीला लोणा लागला म्हणतात, तेच.

---

नळकाम_वीजकाम

आमच्या खात्यातलं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. राजवाड्याचं हॉटेल होतं ते न्हाणीघरात. बाकी सगळं झाडून-पुसून भागतं.

पाणी: राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार पंचतारांकित हॉटेलला माणशी ३२० लिटर रोज, चार तारांपर्यंत १८०. सत्तर खोल्या, दोन माणसं, ३२० लिटर: ४४,८०० लिटर. यात स्वयंपाकघर, धुलाई, बाग आणि तलाव धरलेला नाही. जोधपूरसारख्या गावात हे रोज आणायचं.

वजन: हॉटेलच्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरून तपासतात. ओतीव लोखंडाचा टब दीडशे किलो, पाणी सव्वादोनशे, माणूस पंचाहत्तर. झाले ४५० किलो, तेही १.७ बाय ०.७५ मीटर जागेत, म्हणजे चौरस मीटरला साडेतीनशे. त्यात न्हाणीघराची जमीन ३०० मिलिमीटर भर घालून उचलली, तर नुसत्या भरीचेच चौरस मीटरला पाचशे किलो. टबापेक्षा भर जड! म्हणून विटांच्या तुकड्यांची भर टाकायचीच नाही. पाइप खालच्या मजल्याच्या छताखालून न्यायचे किंवा हलक्या सांगाड्यावर जमीन उचलायची.

भोक: जोधपूर भागात छताला दगडाच्या लांब पट्ट्या टाकायची पद्धत आहे. त्यात संडासाच्या पाइपसाठी चार इंची भोक पाडणं म्हणजे पट्टी मोडायला परवानगी देणं. दगड दाब सोसतो, वाकणं सोसत नाही, आणि पट्टीच्या मधोमध खालच्या अंगाला ताण सगळ्यात जास्त. भोक लागलंच तर भिंतीलगत टेकणीजवळ, आणि कोअर कटरनं. छिन्नी-हातोड्यानं अजिबात नाही.

वीज: १९३०-४० च्या वायरिंगला रबराचं वेष्टण असायचं, लाकडी केसिंगपट्टीत. रबर कालांतरानं कडक होऊन तडकतं आणि वायर हलवली की तुकडे पडतात. ते सगळं दिवे-पंख्यांसाठी होतं. आता खोलीमागे गिझर दोन किलोवॉट, वातानुकूलन दीड-दोन, केस वाळवायचं यंत्र आणखी एक-दीड. म्हणजे वायर बदलून भागत नाही, मुख्य फळीपासून पुढचं सगळं नवं. आणि कोरड्या सांध्याच्या भिंतीला झिरी पाडायची नसते. वायर लाकडी पट्टीमागून, कोरनिसवरून किंवा जमिनीखालून.

---

रंकाळा_काठ

वाचनखूण साठवली. पण मग आपल्याकडे का नाही? कोल्हापूरचा शालिनी पॅलेस १९३१ ते ३४ मधला, आठ लाख रुपये खर्चून बांधलेला, काळा दगड आणि इटालियन संगमरवर. जवळजवळ उमेद भवनाच्याच वयाचा. १९८७ मध्ये तिथे तीन तारांकित हॉटेल झालंही. तेवढं सोडलं तर महाराष्ट्रात राजवाडा-हॉटेलांची नावं घ्यायला बोटं पुरून उरतात.

---

तक्तपोशी

रंकाळा_काठ, शालिनी पॅलेस अपवाद, कारण तो बंगल्याच्या धाटणीचा. आपला वाडा ही वेगळीच चीज आहे. दगडी जोतं, वर लाकडी सांगाडा, भिंतीत पांढऱ्या मातीचे भेंडे किंवा विटा, तुळयांवर किलचण (आडव्या टाकलेल्या बारीक लाकडी काठ्या-पट्ट्या) आणि वर मातीचं माळवद. मोजमाप खणात, एक खण साधारण पाच फुटांचा. खोल्या एकीतून दुसरीत उघडणाऱ्या, सगळं तोंड चौकाकडे. पाहुण्याला कडी लावून एकांत हवा, तो या मांडणीत बसत नाही. भिंती घालून खोल्या वेगळ्या केल्या तर वाड्याचा वाडेपणा जातो.

आणि न्हाणीघर! नळकाम_वीजकाम यांनी दगडाचं सांगितलं, लाकडाचं त्याहून वाईट. तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे एक गळका सांधा पुरतो. वरून तक्तपोशी (छताची लाकडी फळ्यांची सजावट) झकास दिसते आणि आत टोकाचा भुसा झालेला असतो. कळतं केव्हा, तर जमीन दबल्यावर. शहाणे लोक ओल्या खोल्या सांगाड्याच्या आत घेतच नाहीत. परसाच्या बाजूला स्वतंत्र पायावर वेगळा पट्टा बांधतात आणि जुन्या खोलीला एका दारानं जोडतात.

महेश्वरला होळकरांच्या अहिल्या वाड्यात हॉटेल चालतं, सावंतवाडीच्या राजवाड्यातही छोटं हॉटेल आहे. दोन्हीकडे खोल्या मोजक्या, आणि मला वाटतं वाड्यांना तेच झेपतं.

---

शंकेखोर

परसात नवा पट्टा बांधला तर 'वारसा हॉटेल' हा दर्जा राहतो का?

---

कर_नाही_त्याला_डर

राहतो, मर्यादेत. केंद्रीय पर्यटन खात्याच्या वर्गीकरणात मूळ इमारत १९५० च्या आधीची हवी, किमान पाच खोल्या हव्यात, आणि नवं बांधकाम जुनं-नवं मिळून एकूण जोत्याच्या क्षेत्राच्या निम्म्याहून जास्त नको. नवा भागही जुन्या शैलीशी जुळणारा. ही रेघ बघता १९४३ मध्ये पुरं झालेलं उमेद भवन सात वर्षांनी आत बसतं.

---

रंगारी_काका

वाड्याचा विषय निघालाच आहे तर गिलाव्याचं सांगून ठेवतो, कारण नव्या पट्ट्याला जुन्याशी 'जुळवताना' लोक जुन्या भिंतीवरही सिमेंट मारतात. चुना आणि मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून सोडते. सिमेंट ती वाट बंद करतं. ओल मग सिमेंटच्या वरच्या कडेपर्यंत चढून तिथे फुटते. चार फूट सिमेंट मारलं तर पाचव्या फुटावर लोणा.

कळीचा चुना विरवून किमान महिनाभर पाण्याखाली मुरवायचा. एक भाग चुना, अडीच भाग धुतलेली वाळू, चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाच्या चक्कीत) मळलेली. भिंत आधी ओली करायची. एका थराला १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नाही, दुसरा थर पहिला घट्ट झाल्यावर. त्यावर ओली गोणपाटं निदान आठवडाभर. मारवाडच्या उन्हाळ्यात हे काम काढूच नये. पाणी आधी उडून जातं, चुना दगड व्हायच्या आतच पावडर होतो, आणि बोट फिरवलं की हाताला पांढरं लागतं. दसऱ्यानंतर सुरू करून होळीच्या आत आटपायचं.

---

घडीव_दगड

काका, घाणीत मळताना गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात त्याचं प्रमाण वेगळ्या धाग्यावर लिहाल का? इथे टाकलं तर जोधपूर शोधत येणाऱ्यांना सापडणार नाही.